पानिपत जिंकले असते तर? जयंत नारळीकरांच्या कथांविषयी वाचकांचे प्रश्न

जयंत विष्णू नारळीकर यांचे २० मे २०२५ रोजी पुण्यात निधन झाले. त्यानंतर या सदराकडे आलेल्या पत्रांत त्यांच्या खगोलशास्त्राविषयी थोडे आणि कथांविषयी पुष्कळ विचारलेले आहे. त्यातही ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या एकाच कथेने वाचकांना जितके प्रश्न पाडले आहेत तितके त्यांच्या कादंबऱ्यांनीही पाडलेले दिसत नाहीत. म्हणून या वेळचे सदर मुख्यतः त्याच कथेला दिले आहे. एकाच आशयाची पत्रे एकत्र केली असून लांबलेली पत्रे संक्षेपाने घेतली आहेत.

प्रश्न : माझी मुलगी अकरावीत आहे. तिच्या इंग्रजीच्या पुस्तकात ‘द अ‍ॅडव्हेंचर’ नावाचा नारळीकरांचा पाठ आहे. ही मूळची मराठी कथा आहे असे कोणी तरी सांगितले. ते खरे आहे का, आणि मूळ कथा नेमकी कशाची आहे? (एक पालक, दिल्ली)

होय, ती मूळ मराठी कथा आहे आणि आपल्या मुलीच्या पुस्तकात तिचे इंग्रजी रूप संक्षेपाने घेतलेले आहे. गंगाधरपंत गायतोंडे हे पुण्याचे इतिहासाचे प्राध्यापक. सभांची अध्यक्षपदे भूषवण्याचा त्यांना दांडगा उत्साह असून आता पानिपतावरील परिसंवादात हजाराव्यांदा अध्यक्षीय भाषण करण्याचा योग जवळ आलेला आहे. पानिपतच्या लढाईचा निकाल उलटा लागला असता तर पुढचा इतिहास कसा घडला असता, या विचारात ते रस्त्याने जात असताना ट्रकची धडक बसते, आणि ते जागे होतात ते मराठ्यांनी पानिपत जिंकलेल्या हिंदुस्थानात.

तेथून ते जिजामाता एक्स्प्रेसने मुंबईला येतात. वाटेत सरहद्द नावाच्या ठाण्यावर परवाने तपासले जातात, कारण तेथून पुढे ब्रिटिशांचे राज्य सुरू होते. मुंबईत ईस्ट इंडिया कंपनी अजून व्यवसाय करीत असते. आपला मुलगा ज्या कचेरीत नोकरीला आहे तेथे पंत चौकशी करतात, तर त्या नावाचा माणूस कोणाला ठाऊकच नसतो. मग इतिहासाच्या प्राध्यापकाने जे करावे तेच ते करतात. टाउन हॉलमधील एशियाटिक सोसायटीचे ग्रंथालय गाठून स्वतःच लिहिलेल्या इतिहासाचे खंड मागवतात आणि घटनाक्रम नेमका कोणत्या पानावर वेगळा झाला, याचा शोध घेतात.

तो पाचव्या खंडात लागतो. आपल्या इतिहासात पेशव्यांचे पुत्र विश्वासराव यांना गोळी लागून ते पडले, तर या खंडात ती गोळी कानाजवळून निघून गेली आहे आणि तिळाएवढ्या अंतराने त्यांचा जीव वाचला आहे. पंत त्या वेळी ‘भाऊसाहेबांची बखर’ही चाळत असतात आणि तिच्यातील हाच मजकूर असलेले पान त्यांच्या खिशात राहून जाते. पुढे ते आपल्या जगात परत आल्यावर राजेंद्र देशपांडे या शास्त्रज्ञ मित्राशी या प्रकाराची चर्चा करतात, तेव्हा ते पानच एकमेव पुरावा ठरते. बखर आपल्याकडेही आहे आणि तिच्यात विश्वासराव पडल्याचेच लिहिलेले आहे.

प्रश्न : मी इतिहासाचा शिक्षक होतो. पानिपतचा पराभव अनेक महिन्यांच्या उपासमारीतून, तुटलेल्या रसदेतून आणि राजकीय एकाकीपणातून आला. त्याचा निकाल एका गोळीवर टांगणे हा नारळीकरांचा भाबडेपणा नव्हे काय? (मिरज)

आपला आक्षेप गंभीर आहे आणि तो कथा वाचणाऱ्या प्रत्येक इतिहासाच्या विद्यार्थ्याने घ्यावा असाच आहे. मराठ्यांना रसद पुरवणारे सरदार गोविंदपंत बुंदेले डिसेंबर १७६० मध्ये मारले गेल्यावर दुआबातून येणारी रसद जवळजवळ संपली. छावणीत लढणाऱ्यांच्या जोडीला यात्रेकरू, बायकामुले, बाजारबुणगे यांचा मोठा भार होता, आणि १४ जानेवारी १७६१ रोजी सकाळी सदाशिवरावभाऊंनी सैन्य बाहेर काढले ते उपाशी मरण्यापेक्षा लढून वाट काढावी या निर्धाराने. जाट आधीच बाजूला झाले होते, राजपूत आले नव्हते आणि अवधचा नवाब शुजाउद्दौला अब्दालीच्या गोटात होता. ही सारी कारणे गोळीच्या कितीतरी आधीची आहेत.

तरीही त्या दिवसाचा दुपारपर्यंतचा वृत्तान्त पाहिला तर नारळीकरांनी क्षण निवडताना डोळे झाकून निवड केली होती असे म्हणता येत नाही. इब्राहिमखान गारद्याच्या पलटणींनी रोहिल्यांची फळी मोडत आणली होती, आणि खुद्द भाऊंच्या हुजुरातीने, म्हणजे खास फौजेने, अब्दालीचा वजीर शाहवलीखान याच्या मध्यभागावर एवढा दाब आणला होता की तेथील माणसे पळू लागली होती. अब्दालीने पळणाऱ्यांना जबरीने परत फिरवले, राखून ठेवलेली ताजी तुकडी पुढे घातली, उंटांवरच्या जंबुरक्यांचा, म्हणजे हलक्या तोफांचा, मारा सुरू केला, आणि याच सुमारास विश्वासराव पडले. भाऊ हत्तीवरून उतरून घोड्यावर बसले. रिकामी अंबारी पाहून सैन्याने जो अर्थ घ्यायचा तो घेतला. या वर्णनात दोन्ही पारडी काही काळ बरोबरीला आलेली दिसतात, आणि कथाकाराला हवी होती ती हीच घडी. महाबळेश्वरच्या माथ्यावर पडलेला पावसाचा थेंब वीतभर इकडे पडला तर पश्चिम समुद्राला आणि वीतभर तिकडे पडला तर कृष्णेतून पूर्व समुद्राला जातो. पण तो माथ्यावरच पडायला हवा, उतारावर पडलेल्या थेंबाला हा पर्याय नसतो. कथा लिहिणारा माणूस भौतिकशास्त्रज्ञ होता आणि त्याने माथा शोधला.

मात्र आपल्या आक्षेपातील एक भाग कथेने टाळलेला आहे, हे मान्य केले पाहिजे. विश्वासराव जगले असते तरी अब्दालीची राखीव फौज ताजीच राहिली असती आणि मराठ्यांचे घोडे उपाशीच राहिले असते. धीर टिकल्याने लढाई जिंकली असे मानले तरी जिंकलेल्या सैन्याला दुसऱ्या दिवशी खाऊ कोणी घातले, याचे उत्तर कथेत नाही.

यापुढे जाऊन मला एक गोष्ट सुचवावीशी वाटते. कथेतल्या दुसऱ्या इतिहासात पेशवे दिल्लीच्या गादीवर मोगल बादशहा नावापुरता ठेवतात आणि कारभार स्वतः पाहतात. हे चित्र आपल्या खऱ्या इतिहासात घडलेले आहे. पानिपतानंतर दहा वर्षांनी, १७७१ मध्ये, मराठ्यांनी दिल्ली पुन्हा घेतली, पुढच्या वर्षी शाहआलम त्यांच्या आधाराने राजधानीत आला, १७८४ मध्ये महादजी शिंद्यांनी पेशव्यांच्या नावे वकील-ई-मुतलकी, म्हणजे बादशहाच्या मुखत्याराचे पद, मिळवली आणि १८०३ मध्ये इंग्रजांनी दिल्ली घेईपर्यंत बादशहा शिंद्यांच्याच छायेत होता. म्हणजे रणांगणावरचा निकाल उलटा झाला काय आणि सुलटा राहिला काय, दिल्लीपुरता परिणाम काही दशके सारखाच निघतो. मग कथेतला इतिहास खरा वेगळा कोठे होतो? तो होतो एका छोट्या परिच्छेदात, जेथे एकोणिसाव्या शतकातले पुण्याचे राज्यकर्ते युरोपात उगवणारे यंत्रयुग ओळखतात आणि स्वतःची विज्ञान-तंत्रज्ञानाची केंद्रे उभारतात. कंपनी मदत देऊ करते तेव्हा ती मदत ते घेतात, पण आपली केंद्रे स्वतःच्या पायावर उभी राहावीत एवढ्यापुरतीच. ही ओळ वाचकाच्या नजरेतून निसटते, कारण सगळ्यांचे लक्ष गोळीकडे असते. माझ्या मते नारळीकरांचे ‘जर’ पानिपतावर नाही. ते या ओळीत आहे.

असे राज्यकर्ते असणे अशक्यही नव्हते. तंजावरचे सरफोजी राजे दुसरे यांनी त्याच काळात देवनागरीचा छापखाना काढला, नेत्ररुग्णांच्या सचित्र नोंदी ठेवल्या आणि देशोदेशीचे ग्रंथ जमवले. फक्त त्यांच्या हाती राज्य म्हणावे असे काही उरलेले नव्हते. ज्यांच्या हाती राज्य होते त्यांना ही हौस नव्हती.

प्रश्न : ही कथा म्हणजे पेशवाईचे स्वप्नरंजन आहे, असे माझे मित्र म्हणतात. आपले मत काय? (एक वाचक, ठाणे)

आपल्या मित्रांनी कथा शेवटपर्यंत वाचलेली नसावी. विजयाच्या कैफात लिहिलेल्या कथेत पेशवे आजही गादीवर दिसले असते. येथे विसाव्या शतकात पेशव्यांचा कर्तृत्वाचा जोम ओसरतो आणि लोकांनी निवडलेल्या संस्था त्यांची जागा घेतात. मुंबई अजून ब्रिटिशांकडे आहे, पण १९०८ च्या तहान्वये तिचा भाडेपट्टा २००१ मध्ये संपणार आहे, आणि तीही निव्वळ व्यापाराच्या हिशेबाने राखलेली सोय आहे. जिजामाता एक्स्प्रेसच्या डब्यात पंतांच्या शेजारी बसलेले खानसाहेब पेशावरला निघालेले आहेत आणि मुंबईहून दिल्ली, लाहोर असा प्रवास करणार आहेत. फाळणी झालेली नाही हे लेखकाने कोठेही ठणकावून सांगितलेले नाही, प्रवाशाच्या तिकिटातून ते कळते. कथेत मला सर्वांत आवडणारी जागा कोणती असे विचारले तर मी हीच दाखवीन.

आणि त्या दुसऱ्या जगात गंगाधरपंतांचे स्वागत कसे होते? आझाद मैदानावर पानिपतावरच व्याख्यान चाललेले असते, व्यासपीठावर अध्यक्षांची खुर्ची रिकामी दिसते आणि आपले पंत सवयीने जाऊन तीत बसतात. तेथील लोकांनी अध्यक्षीय भाषणांना कंटाळून अध्यक्ष ही संस्थाच मोडीत काढलेली आहे. पंत हटून बोलू लागतात आणि श्रोते टोमॅटो, अंडी हाताला लागेल ते फेकतात. ज्या समाजात विज्ञान रुजले त्याने आणखी काय मिळवले, याचे लेखकाने दिलेले हे उत्तर आहे, आणि महाराष्ट्रात ज्याने चार सभांना हजेरी लावली आहे त्याला ते पटायला वेळ लागणार नाही. परत आल्यावर पंत परिसंवादाच्या संयोजकांना नकार कळवतात आणि हजारावे अध्यक्षीय भाषण राहून जाते.

प्रश्न : कथेच्या शेवटी राजेंद्र जे स्पष्टीकरण देतो, त्यात आपत्तिसिद्धान्त आणि पुंजवाद दोन्ही आले आहेत. मी भौतिकशास्त्र शिकतो. हे स्पष्टीकरण टिकते का? (एक विद्यार्थी, नागपूर)

अर्धे टिकते. फ्रेंच गणिती रने थॉम यांचा आपत्तिसिद्धान्त १९७० च्या दशकात फार चर्चेत होता. कारणे हळूहळू बदलत असतानाही परिणाम एखाद्या बिंदूपाशी एकदम उडी घेतो, अशा प्रसंगांचे गणिती वर्गीकरण त्यात आहे. सैन्याचा धीर हा त्याचा चांगला दाखला आहे, कारण तो थोडा थोडा खचत नाही. काही वेळ टिकतो आणि मग क्षणात मोडतो. पानिपतावर तसेच झाले.

पुंजवादाचा, म्हणजे क्वांटम सिद्धान्ताचा, भाग वेगळा आहे. इलेक्ट्रॉन कोठे सापडेल हे निश्चित सांगता येत नाही, फक्त शक्यता सांगता येतात. ह्यू एव्हरेट यांनी १९५७ मध्ये असे सुचवले की निरीक्षणाच्या वेळी एक शक्यता खरी आणि बाकीच्या खोट्या ठरत नाहीत, तर सर्व शक्यता आपापल्या शाखेत चालू राहतात. राजेंद्र हाच विचार इतिहासाला लावतो. बंदुकीच्या गोळीसारख्या जड वस्तूच्या मार्गात पुंजवादी अनिश्चितता नगण्य असते, हे आपल्याला वर्गात शिकवले असेल. ते बरोबर आहे, आणि केंब्रिजमध्ये शिकलेल्या माणसाला ते ठाऊक नव्हते असे समजण्याचे कारण नाही. शिवाय एव्हरेट यांच्या मांडणीत एका शाखेतून दुसऱ्या शाखेत चालत जाण्याची सोय नाही. ती सूट कथाकाराने घेतलेली आहे. एच. जी. वेल्सपासून सर्व विज्ञानकथाकारांनीच एक तरी अशी सूट घेतलेली आहे; प्रश्न असतो तो एवढाच की ती घेतल्यावर बाकीचे नियम पाळले की नाही. पंतांच्या बाबतीत ते पाळलेले दिसतात. अपघाताच्या क्षणी डोक्यात जो विचार होता त्याच फाट्यावर ते जातात, भलत्याच जगात नाही, आणि येताना फक्त खिशातले पान घेऊन येतात.

प्रश्न : एवढा मोठा शास्त्रज्ञ कथांकडे कसा वळला? टोपणनावाने लिहीत असत असे ऐकले आहे. (एका सार्वजनिक वाचनालयाच्या ग्रंथपाल, रत्नागिरी)

टोपणनाव एकाच प्रसंगापुरते होते. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेने विज्ञानकथा स्पर्धा जाहीर केली होती. अहमदाबादच्या एका परिषदेत चाललेले व्याख्यान कंटाळवाणे झाल्यामुळे नारळीकरांनी हाताशी असलेल्या कागदांवर ‘कृष्णविवर’ ही कथा लिहायला घेतली. स्वतःच्या नावाचे दडपण परीक्षकांवर येऊ नये म्हणून त्यांनी ती ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने पाठवली. त्यांच्या आद्याक्षरांचा क्रम उलटा केला की या नावाची आद्याक्षरे मिळतात. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून पत्नी मंगलाताईंनी, ज्या स्वतः गणितज्ञ होत्या, ती आपल्या हाताने उतरवून दिली. कथेला पहिले पारितोषिक मिळाले. पुढच्याच वर्षी कराडच्या साहित्य संमेलनात दुर्गा भागवतांनी अध्यक्षीय भाषणात या लेखनाची दखल घेतली आणि ‘किर्लोस्कर’चे संपादक मुकुंदराव किर्लोस्कर यांनी कथा मागून घेतल्या. त्यानंतर टोपणनावाची गरज राहिली नाही.

पण याची मुळे आणखी मागे आहेत. नारळीकरांचा जन्म १९ जुलै १९३८ रोजी कोल्हापूरचा. वाढले मात्र ते वाराणसीत, काशी हिंदू विद्यापीठाच्या आवारात. वडील विष्णू वासुदेव नारळीकर तेथे गणिताचे विभागप्रमुख होते, आई सुमती संस्कृतच्या जाणकार. घरात फळा होता आणि मामा मोरेश्वर हुजूरबाजार, म्हणजे मुलांचे मोरूमामा, त्यावर ‘जयंतला आव्हान’ अशा अर्थाचा मथळा देऊन एक कूट लिहून ठेवीत. ते सुटेपर्यंत पुसायचे नाही असा नियम होता. त्यांच्या कित्येक कथांची बांधणी मला त्या फळ्यावरच्या कोड्यासारखीच वाटते: आधी अशक्य वाटणारी स्थिती, मग तिची उकल. ‘उजव्या सोंडेचा गणपती’मध्ये तर उकल चक्क भूमितीतून येते. मोबियसच्या पट्टीसारखा पीळ घेतलेल्या अवकाशातून गेलेला खेळाडू आरशातल्या प्रतिमेसारखा उलटा होऊन परततो, उजव्या हाताचा गोलंदाज डावखुरा होतो आणि गणपतीची सोंडही दिशा बदलते.

दुसरे मूळ केंब्रिजचे. १९५७ मध्ये ते तेथे गेले आणि पुढे खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइल यांच्याकडे संशोधन करू लागले. हॉइल यांची ‘द ब्लॅक क्लाउड’ ही कादंबरी त्याच वर्षी आली होती. सूर्य आणि पृथ्वी यांच्यामध्ये येणारा एक बुद्धिमान मेघ, हा तिचा विषय. गंभीर शास्त्रज्ञाने कादंबरी लिहिणे म्हणजे प्रतिष्ठा घालवणे नव्हे, हा धडा शिष्याला गुरूच्या टेबलावरच मिळाला होता. १९७२ मध्ये नारळीकर टाटा मूलभूत संशोधन संस्थेत मुंबईला आले आणि दोन वर्षांच्या आत कथाही आली.

प्रश्न : नारळीकरांची पात्रे ठोकळेबाज आहेत, शेवटी कोणी तरी शास्त्रज्ञ येऊन व्याख्यान देतो, आणि साहित्य म्हणून या कथा कमी पडतात, असे एका समीक्षकाचे मत वाचले. आपण सहमत आहात का? (कोल्हापूर)

बऱ्याच अंशी सहमत आहे. राजेंद्र देशपांडे हा समजावून सांगण्यापुरताच कथेत येतो आणि काम झाले की जातो. गंगाधरपंतांचा मुलगा दुसऱ्या जगात जन्मलाच नाही, ही बातमी बापाला कचेरीच्या स्वागतकक्षात मिळते, आणि त्या जागी ज्या लेखकाने थांबायला हवे होते तो दोन ओळींत ग्रंथालयाकडे वळतो. मला ही कथेतली सर्वांत मोठी हुकलेली संधी वाटते. याच काळात मराठीत विज्ञानकथा लिहिणाऱ्या लक्ष्मण लोंढे यांचा हात माणसांच्या नात्यांवर अधिक स्थिर होता.

पण नारळीकरांचे बळ वेगळ्या ठिकाणी आहे आणि ते समीक्षकांच्या हिशेबात क्वचितच धरले गेले. ‘धूमकेतू’ घ्या. दत्तदा हे हौशी निरीक्षक नवा धूमकेतू शोधतात, तो पृथ्वीवर आदळणार असे गणिताने निघते, केंब्रिजमध्ये शास्त्रज्ञ गुप्तपणे जमतात आणि अण्वस्त्रे पाठवून त्याची वाट बदलली जाते. इकडे दत्तदांच्या घरी पत्नी इंद्राणीदेवींनी शांतियज्ञ मांडलेला आहे. धूमकेतू टळल्यावर श्रेय कशाला द्यायचे? ज्या घरात प्रयोगशाळेची बातमी उघड करता येत नाही त्या घरात यज्ञाचा दावा खोडायला पुरावा कोठून आणणार, हा पेच लेखकाने त्या वृद्ध जोडप्याच्या संसारात आणून ठेवला आहे. फलज्योतिषावर नारळीकर आयुष्यभर भाषणे देत आले आणि २००८ मध्ये ज्योतिष्यांची संख्याशास्त्रीय चाचणीही त्यांनी घेतली. पण या विषयावरचे त्यांचे सर्वांत तीक्ष्ण लेखन मला या कथेतच सापडते.

प्रश्न : त्यांच्या संशोधनाचा आणि अशा ‘जर-तर’ कथांचा काही संबंध लावता येईल का? (एक प्राध्यापिका, मडगाव)

थेट पुरावा देता येणार नाही, अनुमान करता येईल. १९६४ मध्ये हॉइल आणि नारळीकर यांनी गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धान्त मांडला. एखाद्या वस्तूचे वस्तुमान तिच्या अंगचे नसून विश्वातील इतर सर्व पदार्थांशी असलेल्या संबंधातून ठरते, हा भौतिकशास्त्रज्ञ अर्न्स्ट माख यांचा विचार त्यांनी गणितात बसवला होता. निम्मे विश्व काढून टाकले तर काय होईल, असा प्रश्न त्यातून सहज निघतो. हा प्रश्न आणि एक गोळी काढून टाकली तर काय होईल हा प्रश्न, यांची ठेवण एकच आहे.

दुसरी गोष्ट अशी की विश्वाची उत्पत्ती महास्फोटातून झाली हे मत बहुमताने स्वीकारले जात असताना नारळीकर अल्पमतात राहिले. १९६५ मध्ये पेन्झियास आणि विल्सन यांचा सूक्ष्मलहरी प्रारणाचा, म्हणजे महास्फोटाचा अवशेष मानल्या जाणाऱ्या प्रारणाचा, शोध प्रसिद्ध झाल्यावर विश्वाला आरंभ नाही असे मानणाऱ्या स्थिर स्थिती सिद्धान्ताची पीछेहाट झाली, तरी १९९३ मध्ये त्यांनी हॉइल आणि जेफ्री बर्बिज यांच्याबरोबर त्याची सुधारित आवृत्ती मांडली. बहुसंख्य खगोलशास्त्रज्ञांनी ती मानली नाही, आणि आज उपलब्ध असलेली निरीक्षणे पाहता त्यांचे न मानणे मला योग्य वाटते. परंतु सर्वमान्य कहाणी हीच एकमेव शक्य कहाणी आहे काय, असे चार दशके विचारत राहिलेल्या माणसाने पानिपताकडेही त्याच नजरेने पाहिले, यात नवल नाही. हा माणूस पंतांच्या खिशात पुराव्याचे पान ठेवतो, हेही लक्षात घ्यावे. पुराव्याशिवाय पर्यायी विश्व मांडायचे नाही, ही शिस्त त्याने गमतीच्या कथेतही सोडलेली नाही.

प्रश्न : अशा पर्यायी इतिहासाच्या कथा इतर भाषांत आधीपासून होत्या का? (पुणे)

होत्या. रोमन इतिहासकार लिव्ही यानेच आपल्या इतिहासाच्या नवव्या पुस्तकात, अलेक्झांडर पश्चिमेकडे वळून रोमवर चालून आला असता तर, असे प्रकरण घातले आहे आणि निकाल अर्थातच रोमच्या बाजूने दिला आहे. विज्ञानकथेत मरे लीन्स्टर यांची १९३४ ची ‘साइडवाइज इन टाइम’ आणि फिलिप के. डिक यांची १९६२ ची ‘द मॅन इन द हाय कॅसल’ ही ठळक नावे. दुसऱ्यात जर्मनी आणि जपान यांनी दुसरे महायुद्ध जिंकलेले आहे. पाश्चात्त्य कथांत बहुधा आपण जिंकलेली लढाई हरलेली दाखवतात आणि त्यातून भय निर्माण करतात. नारळीकरांनी हरलेली लढाई जिंकून दाखवली आणि तरी विजयाचा पोवाडा गायला नाही, हा फरक मला महत्त्वाचा वाटतो.

प्रश्न : माझा मुलगा आठवीत आहे. नारळीकरांचे वाचन कोठून सुरू करावे? (एक वाचक, बोस्टन)

‘यक्षांची देणगी’ हा कथासंग्रह आधी द्यावा. कादंबऱ्यांपैकी ‘वामन परत न आला’ या वयाला चांगली लागते; जमिनीत खोल गाडलेल्या एका पेटीतून नष्ट झालेल्या प्रगत संस्कृतीचे ज्ञान बाहेर येते आणि त्यातून यंत्रमानव तयार होतो, अशी तिची कथा आहे. ‘प्रेषित’ आणि ‘व्हायरस’ त्यानंतर. ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ मात्र पानिपतची हकीकत घरात एकदा सांगून झाल्यावरच वाचायला द्यावी, नाही तर गोळी चुकल्याचे महत्त्व मुलाला कळणार नाही. ‘चार नगरांतले माझे विश्व’ हे आत्मचरित्र, ज्याला २०१४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, ते अकरावी-बारावीपर्यंत थांबवले तरी चालेल. २०२१ च्या नाशिक साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते, पण प्रकृतीमुळे त्यांना तेथे जाता आले नाही. विज्ञानसाहित्याविषयीचे त्यांचे ते अध्यक्षीय भाषण आपण स्वतः अवश्य वाचावे.